फ्लोरिडा 2000: गोर हरले ते कोर्टामुळे की कागदामुळे?

उंबरठा:
अमेरिकेच्या 2000 सालच्या निवडणुकीचा विषय निघाला की "कोर्टाने बुशना निवडून दिलं" हे ठरलेलं. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: 7 नोव्हेंबरला मतदान झालं. देशभरात डेमोक्रॅट पक्षाच्या अल गोर यांना रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे 5 लाख 43 हजार मतं जास्त. पण तिथे अध्यक्ष ठरतो राज्यांच्या निर्वाचक मतांवर (राज्यात जो पुढे, त्याला बहुतेक ठिकाणी त्या राज्याची सगळी), आणि गाडी अडली फ्लोरिडाच्या 25 मतांपाशी. तिथे जवळपास 60 लाख लोकांनी मत दिलं आणि शेवटी जाहीर झालेलं अंतर होतं 537!

माझ्या मते खरा घोळ तिथल्या पाम बीच काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मतपत्रिकेने घातला. मत द्यायचं ते नावासमोरचं भोक पाडून. नावं दोन पानांवर, भोकांची रांग मधे एकच. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्यूकॅनन या तिसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराचं, गोर यांचं तिसरं. ब्यूकॅननना तिथे 3,400 वर मतं पडली. यातली बरीच आपली नसावीत, हे खुद्द त्यांनीच टीव्हीवर मान्य केलं. शिवाय 19 हजारांवर पत्रिकांना एकाहून जास्त भोकं, म्हणजे थेट बाद. आणि ही पत्रिका काढली कोणी? डेमोक्रॅट पक्षाच्याच अधिकारी बाईंनी, म्हाताऱ्यांना अक्षर मोठं दिसावं म्हणून. नमुना आधी वाटला होता, कोणी हूं की चूं केलं नाही.

वाशीकर:
कागद गंडला हे मान्य. पण तो पुन्हा तपासू दिला का? फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 डिसेंबरला सांगितलं, यंत्राला ज्या पत्रिकांवर अध्यक्षपदाचं मत दिसलं नाही त्या हाताने मोजा. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 ने मोजणी थांबवली. 12 तारखेला रात्री निकाल: प्रत्येक काउंटीचा निकष वेगळा, त्यामुळे समान वागणुकीचा भंग होतो, आणि आता दुरुस्तीला वेळ उरला नाही. मोजणी रोखून धरायची आणि मग वेळ संपला म्हणायचं! वर हा विचार याच प्रकरणापुरता, असंही लिहून ठेवलं. म्हणजे पुढे दाखला द्यायचीही सोय नाही.

राज्याचे गव्हर्नर म्हणजे बुश यांचे सख्खे भाऊ, निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्याच तिथल्या प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष. आपल्याकडे असं झालं असतं तर?

उंबरठा:
आणि गोर यांनी हाताने मोजणी मागितली कुठे? फक्त चार काउंट्यांत, सगळ्या त्यांच्याच पक्षाच्या बाजूच्या. 2001 मध्ये वर्तमानपत्रांनी मिळून सुमारे पावणेदोन लाख न मोजलेल्या पत्रिका तपासून घेतल्या. त्या चार काउंट्यांची मोजणी पुरी होऊनही बुशच पुढे राहिले असते. अख्ख्या राज्यातल्या सगळ्या बाद पत्रिका धरल्या तर गोर अगदी थोडक्याने पुढे. ते मागितलंच नाही ना त्यांनी!

तिखटशेव:
ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरनी फ्लोरिडात 97 हजार मतं खाल्ली, ते कुणी बोलत नाही. आणि गोर स्वतःच्या राज्यात, टेनेसीत हरले. ते राज्य घेतलं असतं तर फ्लोरिडा गेला खड्ड्यात.
537 ला शंभर बाप सापडतील.

मोजणीवाले मास्तर:
1991 च्या लोकसभेला मी मतमोजणीच्या टेबलावर होतो. एक पत्रिका आली, शिक्का बरोबर दोन चिन्हांमधल्या रेषेवर. दोन्ही प्रतिनिधी टेबलावर ओणवे. एक म्हणतो "गुरुजी, निम्म्याहून जास्त आमच्याकडे आहे", दुसरा पट्टी मागतोय! आपला नियम सांगतो की खूण अस्पष्ट असली तरी मतदाराचा इरादा स्पष्ट दिसत असेल तर मत धरा. फ्लोरिडाचा कायदाही इराद्यावरच बोट ठेवतो. पण इरादा ओळखायचा कशावरून? भोकातून सुटणारा कपटा, त्याला तिथे चॅड म्हणतात, एका कोपऱ्याला लोंबकळला तर मत? नुसता खळगा पडला तर? पाम बीचमध्ये तर मोजता मोजता निकष बदलले.

म्हणून निकष एक हवा, हे 12 तारखेच्या निकालातलं नऊपैकी सात न्यायाधीशांचं म्हणणं मला पटतं. वेळ संपल्याचं पाच जणांचं म्हणणं नाही पटत. एक निकष लिहून द्यायचा आणि आठवडाभर मोजू द्यायचं. निर्वाचकांचं मतदान 18 डिसेंबरला होतं.

वाशीकर:
मास्तर, हेच तर म्हणतोय मी.

उंबरठा:
पण 6 जानेवारी 2001 ला उपाध्यक्ष म्हणून अमेरिकी संसदेच्या संयुक्त बैठकीत बसून स्वतःचाच पराभव गोर यांनीच जाहीर केला. ज्याचं गेलं त्याने मानलं, आपण कशाला उगाळतोय?

वाशीकर:
माणूस मोठा, वाद नाही. पण त्याच्या दिलदारपणाने थांबवलेली मोजणी बरोबर ठरत नाही.

तिखटशेव:
मास्तर, त्या रेषेवरच्या शिक्क्याचं काय झालं?

मोजणीवाले मास्तर:
बाद केला साहेबांनी. पट्टी मागणारा कुरकुरला थोडा. पण अंतर हजारांत होतं, त्यामुळे तोही चहा प्यायला निघून गेला.