युरोपाचा निळा रंग आणि गच्चीची किल्ली

ढोकाळीकर:
विज्ञान दिनाला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांनी गुरू-शनीच्या बर्फाळ चंद्रांची चित्रं लावली होती. ती बघून ‘जुना नौपाडा’ यांनी काल या धाग्यावर लिहिलं, ‘हौशी लोकांनी घरी बसून रंगवलेली ही चित्रं. युरोपा निळा नाही. मुलांना खोटं दाखवू नका.’ त्यातलं युरोपाचं, म्हणजे गुरूच्या एका चंद्राचं, निळसर चित्र माझं आहे. उत्तर लांबेल, पण दिल्याशिवाय झोप लागणार नाही.

काका, मी ‘रंगवलं’ नाही. नासाच्या गॅलिलिओ यानानं युरोपाचे फोटो काढले ते कृष्णधवल, एका वेळी एकाच रंगाचा प्रकाश आत सोडणाऱ्या एकेका फिल्टरमधून : जांभळा, हिरवा आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त. एक फोटो काढून दुसरा काढेपर्यंत यान पुढे सरकलेलं असतं. मग तिन्ही एकमेकांवर बसवताना युरोपाच्या बर्फातल्या भेगांच्या कडा जुळवत बसावं लागतं. किरणोत्सर्गाचे पांढरे ठिपके पुसावे लागतात. त्या यानाचा मोठा अँटेना उघडलाच नव्हता, त्यामुळे फोटो आले तेच मोजके. एकेक फाइल जपून वापरायची. वागळे इस्टेटमधली नोकरी सांभाळून, जेवणं उरकल्यावर बसायचो. अकरा रात्री गेल्या. शेवटी रंगांमधला फरक ताणला. नवा रंग घातला नाही, फाइलमध्ये होता तोच फरक ठळक केला. निळसर दिसतो तो त्यातल्या त्यात स्वच्छ बर्फ, तांबूस दिसतात त्या क्षार आणि गंधकाची संयुगं असलेल्या भेगा.

आणि ‘हौशी’ ही शिवी कधीपासून झाली? नासानं गुरूकडे पाठवलेल्या जुनो यानावरचा जुनोकॅम हा कॅमेरा मुळात लोकांसाठीच बसवलाय. यान मिनिटाला साधारण दोन फेऱ्या घेत फिरतं, कॅमेरा चित्राच्या पट्ट्या पाठवतो, कच्च्या फाइली सगळ्यांना खुल्या. २९ सप्टेंबर २०२२ ला ते युरोपापासून सुमारे ३५२ किलोमीटरवरून गेलं. त्या भेटीतल्या युरोपाच्या चित्राखाली नासानं प्रक्रिया करणारा म्हणून ब्यॉर्न यॉनसन या आइसलँडच्या हौशी माणसाचं नाव छापलंय.

जुना नौपाडा:
मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा फिल्टर म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझा मुद्दा तुम्ही सोडूनच दिलात. अवरक्त जिथे उजळ, तिथे तुम्ही लाल दाखवता, वर फरक ताणता, आणि चित्राखाली लिहिता काय? ‘युरोपा, गुरूचा चंद्र.’ बस्स. माझी नात तिसरीत आहे. तुमचं प्रदर्शन बघून घरी आली आणि निळ्या खडूनं युरोपा रंगवला. शेजारचा शनीचा चंद्र एन्सेलॅडस तसाच, निळे-हिरवे पट्टे घेऊन लटकलेला. अहो, तो चंद्र अंगावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत फेकतो, ताज्या बर्फासारखा पांढरा आहे! अकरा रात्री घालवल्यात, मग आणखी एक ओळ लिहायला किती वेळ लागला असता?

ऐरोली खाडी:
सर, मग ‘खरा’ रंग तरी कुठून आणायचा? गुरूजवळून गेलेल्या व्हॉयेजर यानांच्या कॅमेऱ्याला लाल फिल्टरच नव्हता. लालच्या जागी नारिंगी घालून ती चित्रं झाली आणि आपण सगळे १९७९ पासून तीच पुस्तकांत बघत मोठे झालो. नासानं २०१४ साली गॅलिलिओचंच जुनं साहित्य काढून युरोपाचं चित्र नव्यानं केलं, त्यातही लालच्या जागी अवरक्तच आहे. त्यांनी केलं की विज्ञान आणि ढोकाळीकरांनी केलं की फसवणूक, हे मला पटत नाही.

जुना नौपाडा:
त्यांनी चित्राखाली फिल्टर लिहिले होते. एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे.

खारघरकर:
रंगावरून एवढं भांडताय, पण शोध लागतात ते सावल्यांतून. युरोपावर ग्वेर्न नावाचं सुमारे २१ किलोमीटरचं विवर आहे असं मानत होते. जुनोकॅमच्या चित्रांनी दाखवलं की ते विवर नाहीच, एकमेकांना छेदणाऱ्या कडांची लंबगोल सावली आहे. त्यात निळं-लाल काही नव्हतं.

आणि ओळ लिहिण्याबद्दल माझ्याकडून ऐका. मी गुरूच्या गॅनिमीड या चंद्राचं चित्र केलं, खाली फिल्टर, तारीख, प्रक्रिया, सगळं लिहिलं. इथल्याच एका कोचिंग क्लासनं ते उचललं, खालची पट्टी कापली आणि कॅलेंडरवर छापलं. वर रंग आणखी भडक करून! फोन केला तर म्हणाले, ‘नासाचं आहे ना, फुकट असतं.’ सर, राग धरायचा तर त्या कात्रीवर धरा.

कोपरीवाली:
चित्रं राहू द्या हो. मुलांना खरा गुरू दाखवायचा तर दाखवायचा कुठून? मी मुलीसाठी सहा इंची दुर्बीण घेतली, पैसे साठवून. समितीनं गच्चीची किल्ली दिली नाही. ‘कारण लेखी द्या.’ दिलं. ‘पुढच्या सभेत ठेवू.’ सभा झाली, विषय पार्किंगचा. डिशवाला आला की दहा मिनिटांत कुलूप निघतं. दुर्बीण दोन वर्षं पलंगाखाली आहे.

नेरूळ समितीवाला:
समितीत असणाऱ्यांनाही थोडं ऐकून घ्या. आमच्याकडे गच्चीवर वाढदिवस झाला, वॉटरप्रूफिंगवर खुर्च्या ओढल्या, पावसाळ्यात वरच्या दोन घरांत पाणी गळलं. खर्च कोणी दिला? कठडा कमरेइतकाच आहे. रात्री अंधारात दहा पोरं वर आणि एक खाली पडलं तर सही माझी. आकाश बघायचं तर शहराबाहेर वांगणीला जा, इथे एलईडीच्या उजेडात काय दिसणार?

कोपरीवाली:
हेच ते! गुरूला अंधार लागत नाही. १० बाय ५० ची साधी, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीणसुद्धा हात न हलवता धरली तर चारही मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, भर ठाण्यात दिसतात. ज्या महिन्यांत गुरू संध्याकाळी उंचावर असतो, तेव्हा तो शाळेतली मुलं जागी असतानाच दिसतो. आणि वांगणीला रात्रीच्या लोकलनं आठवीतल्या मुलीला घेऊन मी एकटीनं जाऊ? हे सांगताना जरा विचार करा.

नेरूळ समितीवाला:
तुम्ही वैयक्तिक घेताय.

कोपरीवाली:
वैयक्तिकच आहे. मुलगी आता विचारतही नाही.

ऐरोली खाडी:
आमच्याकडे महिन्यातून एक रात्र गच्ची उघडतात. दोन मोठी माणसं कठड्याजवळ उभी राहतात, वीसच जण वर, खुर्च्या नाहीत. तीन वर्षांत काही झालेलं नाही. गेल्या खेपेला पन्नाशीतल्या वॉचमनदादांनी पहिल्यांदा गुरूचे चंद्र बघितले आणि बराच वेळ कोणाला नंबर दिला नाही.

नेरूळ समितीवाला:
वीसची मर्यादा लेखी असेल तर विचार करता येईल. आश्वासन देत नाही.

ढोकाळीकर:
धागा गच्चीवर गेला, पण माझं राहिलंय. जुना नौपाडा सर, कालच्या पोस्टमध्ये तुम्ही हेही लिहिलं होतं की हौशी लोकांच्या हातून विज्ञानाला काही मिळत नाही. विक्रम लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर आदळला. त्याचे अवशेष चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाच्या चित्रांत पहिल्यांदा सापडले ते चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांना, नोकरी सांभाळून आधीची-नंतरची चित्रं पिक्सेल पिक्सेल ताडून बघणाऱ्या एका इंजिनिअरला. नासानं डिसेंबरमध्ये त्यांचं नाव जाहीर केलं. असे हौशी लोक म्हणजे आम्हीच. नासाचं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, तोवर आम्ही जुन्या फाइली घासून पुसून ठेवतोय.

ओळीचं मात्र मान्य. माझी चूक झाली. छपाईत जागा नव्हती म्हणून कापली, आणि खारघरकरांचं वाचून आज लाज वाटली, कारण मीही कात्रीच चालवली. रविवारी हॉलमध्ये दोन युरोपा शेजारी शेजारी लावतो, एक डोळ्याला दिसेल त्याच्या जवळ जाणारा, एक ताणलेला. खाली फिल्टरसकट सगळं.

जुना नौपाडा:
चेन्नईच्या गृहस्थांनी रंग ताणला नव्हता, दोन चित्रांची तुलना केली होती. तरी ते काम मोठं आहे, आणि ‘काही मिळत नाही’ हे मी लिहायला नको होतं.

दोन चित्रं लावा. अक्षर मोठं ठेवा, तिसरीतल्या मुलीला वाचता येईल एवढं. ‘अवरक्त’ला कंसात ‘डोळ्याला न दिसणारा’ लिहा. मी नातीला घेऊन येतो, तिचा निळा युरोपाही आणतो. कोपरीच्या ताईंना जमलं तर त्यांनी दुर्बीण घेऊन यावं. तुमच्या हॉलसमोर मोकळी जागा आहे, तिथून पूर्वेकडचं आकाश दिसतं, किल्ली लागत नाही.

कोपरीवाली:
येते. तिपाईचा एक स्क्रू हरवलाय, तेवढा बघते.