मदत हवी आहे: दादा ५३ चा, पण शरीर ६५ चं वाटतंय. कोणत्या तपासण्या आधी कराव्यात?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या मोठ्या भावाबद्दल आणि वहिनींबद्दल आहे. दोघं चोपडा तालुक्यात शेती करतात, केळी आणि कापूस. दादा ५३ चा, वहिनी ४८ च्या. मी धुळ्याला असते, सणावारीच जाणं होतं, त्यामुळे फरक मला जास्त जाणवतो. गेल्या काही वर्षांत दादा एकदम म्हातारा झालाय. केस पिकण्याबद्दल बोलत नाहीये, ते आमच्या वडिलांचेही तिशीतच पिकले होते आणि तरी ते पंचाहत्तरीपर्यंत शेतात जात. दादाचे दंड आणि पोटऱ्या वाळल्यात, पोट मात्र सुटलंय. खाली बसला की गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठत नाही. टीव्हीचा आवाज अंगणात ऐकू येतो. रात्री जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून कूस बदलतो, असं वहिनी सांगतात. दिवसा बोलता बोलता पेंगतो. मानेमागची कातडी काळी आणि जाडसर झालीय. काही विचारलं की एकच उत्तर: "माले काय व्हयनं?"

गावात सगळे म्हणतात, उन्हातान्हातलं काम, माणूस लवकर पिकतोच. मला हे पटत नाही. आमचे काका त्याच बांधावर तेच काम करत आले, ते सत्तरीत असून दादापेक्षा चपळ आहेत.

जुने कागद शोधले. एका शिबिरात बीपी १५८/९६ निघालं होतं, उपाशीपोटीची साखर ११८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) १.३. शेवटच्या दोन्हींपुढे कुणीतरी पेनाने "ठीक" लिहिलंय. बीपीसाठी "मीठ कमी करा" एवढंच सांगितलं. पापड, शेव आणि लोणच्याच्या घरात मीठ कमी करणं किती जमतं ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. गोळी कधी सुरू झालीच नाही.

मला संशय येतात ते असे. तंबाखू-चुना आणि सुपारी, कॉलेजपासून. शेतीची वीज रात्रपाळीत आली की मध्यरात्री उठून पाणी द्यायला जाणं, म्हणजे झोपेचे तुकडे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात घाम गाळायचा आणि संध्याकाळी अंगदुखीची गोळी मेडिकलवरून आणून घ्यायची. आणि वर्षानुवर्षं "ताकदीचं" म्हणून घेतलेली इंजेक्शनं. त्यात काय असायचं ते कुणालाच माहीत नाही.

वहिनींची पिशवी ३८ व्या वर्षी काढली, बीजकोशांसकट. पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली, तरी हाडांची तपासणी कुणी सुचवली नाही. मशेरी लावतात. सतत पाठ दुखते, आणि उंची कमी झाल्यासारखी वाटते.

मी घरीच जे मोजता आलं ते मोजलं. दादाची कंबर १०२ सेंटिमीटर (आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९०, बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात). हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला सांगितलं, १५ सेकंद लागले. आशियाई लोकांसाठी १२ सेकंद किंवा जास्त लागणं हे स्नायू अशक्त असल्याचं लक्षण मानतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती कडं करायला लावलं, तर मध्ये फट राहिली. तीही स्नायू कमी झाल्याची खूण. तोंडात तीन बोटं उभी जातात का पाहिलं, दोनच गेली. भाकरी-ठेचा त्याने बंद केलाय, वरणभात कालवून खातो. आम्ही समजलो वयाने जिभेची चव बदलली.

आता पुतण्या पुण्याहून म्हणतोय की लाळेवरून "शरीराचं खरं वय" सांगणारं किट मागवू. किंमत काही हजारांत आहे. दुसरीकडे एक लॅबवाला सत्तर-ऐंशी चाचण्यांचं पॅकेज घ्या म्हणतो. पैसे खर्च करायला आम्ही तयार आहोत, पण दादा दवाखान्यात एकदाच येईल, दुसऱ्यांदा त्याला राजी करणं कठीण. म्हणून विचारते: शरीर लवकर झिजवणारं नेमकं काय आहे ते शोधायला आधी काय करावं? किट घ्यावं का? वहिनींसाठी कुठून सुरुवात करू?

ओपीडीतून

ताई, तुम्ही मोजमाप छान केलंत. पण सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. तोंडात दोनच बोटं जाणं आणि तिखट बंद होणं. त्यांना तिखट झोंबतं का, विचारा. सुपारी खाणाऱ्या माणसात गालाची आतली त्वचा कडक होत जाते, पांढुरकी पडते, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातून पुढे काही जणांना तोंडाचा कॅन्सर होतो. बाकी काहीही करण्याआधी दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना तोंड दाखवा, याच आठवड्यात. सुपारी आणि तंबाखू आजच बंद. नुसती तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवली तर उपयोग नाही, या आजाराचं मूळ मुख्यतः सुपारीतच असतं.

स्नायू वाळण्याचा धागाही इथेच असू शकतो. भाकरी, उसळ, शेंगदाणे चावताच येत नाहीत म्हटल्यावर प्रथिनं पोटात जाणार कुठून?

दुसरी गोष्ट बीपीची. १५८/९६ एकदा आलं म्हणून निदान होत नाही, पण ते सोडून देण्यासारखंही नव्हतं. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, बोलायचं नाही, तासभर आधी चहा-तंबाखू नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, आठवडाभर. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते वाढलेलंच. वाढलेलं बीपी दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि तेवढ्या काळात मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या जाड होत जातात. चाळिशी-पन्नाशीत माणूस विसराळू आणि मंद वाटायला लागतो त्यामागे कधीकधी हेही असू शकतं.

मानेची काळी जाड कातडी मळाने होत नाही. इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची ती खूण असू शकते. उपाशीपोटीची ११८ मधुमेहाच्या आधीच्या पट्ट्यात येते (१०० ते १२५). पुढे "ठीक" लिहायला नको होतं. साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते, त्यातून कातडी, रक्तवाहिन्या, डोळ्यातलं भिंग कडक होतं. तुम्ही ज्याला लवकर म्हातारपण म्हणताय त्यात याचाही वाटा असू शकतो.

"ताकदीच्या" इंजेक्शनांत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. त्याने पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आणि अलीकडेपर्यंत चालू असेल तर एकदम बंद करण्याआधीही विचारा.

लॅबमधला

जळगावात लॅबमध्ये काम करतो, म्हणून क्रिएटिनिनबद्दल बोलतो. १.३ हे बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत बसतं. पण ५३ वर्षांच्या पुरुषात त्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढली तर ती साधारण ६५ येते, म्हणजे तरुण माणसापेक्षा बरीच कमी. आणि क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याचे स्नायूच वाळलेत त्याचा आकडा खोटा चांगला दिसतो. तेव्हा क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन जातंय का ते कळतं) करून घ्या. ३० च्या वर आलं तर पुन्हा तपासून नक्की करायचं. सिस्टॅटिन-सी नावाची चाचणी स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते, डॉक्टर म्हणाले तर करा. अंगदुखीच्या गोळ्या आणि उन्हाने आटलेलं शरीर, हे मूत्रपिंडाला एकत्र फार जड जातं.

सत्तर चाचण्यांचं पॅकेज नको. त्यात एवढे आकडे येतात की दोन-तीन उगाचच मर्यादेबाहेर जातात आणि माणूस त्यांच्याच मागे धावतो. माझ्या मते सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), उपाशीपोटीची साखर, लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन, लिव्हर, टीएसएच (थायरॉइड), बी१२ जीवनसत्त्व आणि लघवी, एवढं पुरे. दादा माळकरी असतील, मांसमच्छी बंद असेल तर बी१२ चुकवू नका. ते कमी असलं की विसरभोळेपणा, तोल जाणं, पायाला मुंग्या, सगळं वयावर ढकललं जातं.

किटबद्दल. लाळ, रक्त अशा शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून वय काढायची एकच पद्धत २०१३ मध्ये संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी मांडली. शास्त्र खरं आहे, संशोधनात ते वापरतात. पण तुमच्या हातात "वय ६१" असा एक आकडा येईल, आणि दादाला बीपी आहे की तोंडात काही आहे, हे त्यातून कळणार नाही. २०१८ मध्ये मॉर्गन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर साध्या रक्तातल्या नऊ गोष्टी आणि वय यांवरूनही तसा हिशोब बसवला: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी), पांढऱ्या पेशी वगैरे. सीआरपी सोडलं तर वरच्या तपासण्यांतच ते सगळं येतं. किटचे पैसे वहिनींच्या हाडांच्या तपासणीला ठेवा.

तोरणमाळची_वाट

नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. लॅबमधल्या दादांच्या यादीत एक जोड. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आहे, भिल्ल-पावरा समाजात जास्त. सिकलसेल असेल तर एचबीएवनसी चुकीचं कमी येऊ शकतं, आणि लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर चुकीचं जास्त. म्हणून हिमोग्लोबिन कमी निघालं किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल तर एकट्या एचबीएवनसीवर विसंबू नका, जेवणाआधीची-नंतरची साखर बघा.

आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी उपकेंद्रात मोफत होते, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाचीसुद्धा. वहिनींचंही तोंड दाखवा, मशेरी म्हणजे तंबाखूच. आशाताईंना सांगितलं की त्या फॉर्म भरून घेतात. दादा दवाखान्यात यायला नाही म्हणत असतील तर हा मार्ग सोपा आहे, त्या घरी येतात आणि त्यांचं ऐकतात लोक.

वाघूर

वहिनींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या आईची पिशवी अशीच लवकर काढलेली. बीजकोश काढले की हाडांना जपणारं इस्ट्रोजेन एकदम बंद होतं, नैसर्गिक पाळी जाण्याची वाटही बघत नाही. डेक्सा नावाच्या एक्स-रेने हाडांची घनता कळते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर मणक्याचा साधा एक्स-रेही काढतात, कारण मणका दबलेला असू शकतो आणि ते नुसती पाठदुखी म्हणून वर्षानुवर्षं चालतं. ड जीवनसत्त्वही बघा. शेतात काम करणाऱ्या बाईला ऊन कमी कसं पडेल असं वाटतं, पण डोक्यावरून पदर, पूर्ण बाह्या आणि वरून शर्ट, अंगावर ऊन पडतं कुठे?

दादांच्या ऐकण्याचंही बघा ताई. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं सांगितली त्यात कमी ऐकू येणं आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत बसणं सोडतो, आणि लोक म्हणतात म्हातारा झाला.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण आधी तोंडाचंच केलं.

आशाताईंचा मार्ग लागू पडला, दादा त्यांच्यासोबत मुकाट्याने गेला. तिथून दंतवैद्यांकडे पाठवलं. सबम्युकस फायब्रोसिसच आहे. गालाच्या आत एका जागी पांढरा चट्टा आहे, त्याचा तुकडा तपासायला घेतलाय, रिपोर्ट यायचा आहे. तिखट वर्षभरापासून झोंबत होतं. कुणाला बोलला नाही. सुपारीची डबी वहिनींच्या ताब्यात आहे.

घरचं बीपी सरासरी १५२/९४ आलं, गोळी सुरू झाली. एचबीएवनसी ६.३, हिमोग्लोबिन चांगलं असल्याने डॉक्टरांनी तो आकडा खरा धरला. बी१२ फारच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत, या वेळी बाटलीवरचं नाव वाचून. लघवीतलं प्रमाण ४८. तीन महिन्यांनी पुन्हा करायचंय. अंगदुखीच्या गोळ्या बंद केल्यात. किट मागवलं नाही.

जेवणाचं एवढं केलंय की मूगडाळ, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट, चावायला न लागणारं सगळं. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून देतात. खुर्चीतून उठ-बस रोज सकाळी करायला सांगितलीय, काकाच समोर बसून करून घेतात.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. घोरणं आणि मध्येच थांबणारा श्वास यासाठी झोपेची तपासणी डॉक्टरांनी लिहून दिलीय, पण एक रात्र दवाखान्यात राहायला दादा तयार नाही. धुळे किंवा जळगावकडे घरी यंत्र देऊन ही तपासणी कुणी करून घेतलीय का, आणि तिचा निकाल तेवढाच धरतात का? आणि वहिनींची डेक्सा करायची तर ती मणका आणि खुब्याची हवी, टाचेवरची छोटी चालणार नाही, असं कळलं. आपल्या भागात तशी मोठी तपासणी कुठे होते, कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा, म्हणजे पुढच्या माणसालाही सापडेल.