जाळीवर थेट पीओपी: दुसऱ्या दिवशीचा थर सुटतो, आकारही मध्येच बदलायचा आहे

घमेलं_थापी:
पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिस) शिल्प करतोय, दोन फूट उंचीची आकृती. आधी छोटं मॉडेल न करता थेट सांगाड्यावर काम सुरू आहे. आत ६ मिमी सळई, वर कोंबडीजाळी, त्यावर पीओपीत बुडवलेलं गोणपाट. पहिल्या दिवशीचं घट्ट बसलं. दुसऱ्या दिवशीचा थर मात्र पापुद्र्यासारखा निघतोय आणि हाताला खडूसारखा लागतोय. जाळीजवळ तांबूस डागही उठलेत. शिवाय सळई वेल्ड केल्यामुळे आकृतीचा कल आता बदलता येत नाही. काय करता येईल?

कानस:
खडूसारखं लागतंय म्हणजे पाणी कमी पडलं. वाळलेलं पीओपी नव्या थरातलं पाणी शोषून घेतं, मग नव्याला नीट जमायला पाणीच उरत नाही. सुटा थर पूर्ण काढा. खालचा भाग हॅक्सॉच्या पात्याने आडवा-उभा खरवडा, धूळ झाडा आणि पाणी पिणं थांबेपर्यंत भिजवा. दोन फवारे मारून भागत नाही, ओलं फडकं गुंडाळून ठेवा. वरची पाण्याची चमक गेली की लगेच थापा.

कालवताना पाण्यात पीओपी टाका, पीओपीत पाणी नाही. १ लिटर पाण्याला साधारण दीड किलो. चाळून सोडा, एक-दोन मिनिटं भिजू द्या, मग ढवळा. जास्त घोटलं तर लवकर बसतं. बसायला लागलेल्या मालात पाणी घालून तो सैल करू नका, असा माल कधीच ताकद धरत नाही. अशा कामाला एका वेळी अर्धा लिटर पाण्याचाच माल करावा.

उघडा_सांधा:
वेल्डिंग फक्त पाटाला (खालच्या फळीला) धरणाऱ्या मधल्या कण्यापुरतं ठेवायचं. बाकी सगळं ४ मिमी अॅल्युमिनियमच्या दुहेरी पिळलेल्या तारेचं करून बाइंडिंग वायरने बांधायचं. वाकवायच्या जागी बोटभर तार उघडीच ठेवा. कल ठरला की तिथे गोणपाटाची पट्टी गुंडाळून सांधा बंद.

तुमचं आधीच वेल्ड झालंय, तर कापा! हॅक्सॉने आरपार कापा, वरचा भाग फिरवून पाहा, विटांचा टेकू द्या, दोन-तीन जागी तारेने जोडून फट भरा. कापलेला तुकडा टाकू नका, उलटा करून दुसरीकडे लावून बघा. माझ्या मते थेट पीओपीत खरी मजा थापण्यापेक्षा कापण्यात आहे, आणि बहुतेक जण तिथेच कचरतात.

लाखबत्ती:
तांबूस डाग गंजाचे. जाळी गॅल्व्हनाइज्ड असली तरी कापलेली टोकं उघडी पडतात. ती आत दुमडा. सळईला रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) आधीच मारायला हवा. आता उठलेले डाग काम पूर्ण वाळल्यावर लाखेच्या पॉलिशने बंद करा, नाहीतर रंगातूनही वर येतात. काम गालाला गार लागलं तर आत ओल आहे. पावसाळ्यात तर फार थांबावं लागतं.

घमेलं धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. बादलीत खाली बसू द्या. आणि घट्ट होणाऱ्या मालात हात बुडवून ठेवू नका, मोठा गोळा भाजण्याइतका तापतो.

घमेलं_थापी:
आभारी आहे. पीओपी घट्ट व्हायचा वेळ वाढवायला सायट्रिक अॅसिड चालेल का? आणि काम बाहेर ठेवायचं असेल तर?

कानस:
चालेल. दीड किलोला १ ते दीड ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून. जास्त झालं तर माल कच्चा राहतो. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून आधी वाटीभर करून बघा.

उघडा_सांधा:
मी घालणार नाही. थोडा वेळ मिळतो म्हणूनच हात पटकन ठरवतो.

बाहेर पीओपी टिकत नाही, पाण्याने झिजतं. तिथे सिमेंट. शांतिनिकेतनात शिल्पकार रामकिंकर बैज यांचं १९३८ सालचं 'संथाल कुटुंब' हे शिल्प बघा: सिमेंट आणि जांभ्याची खडी सांगाड्यावर फेकून केलेलं आहे, खरबरीतपणा तसाच ठेवलाय. तुमच्या मापाला १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू, पाणी कमीत कमी. पातळ थर द्या, जाड थर स्वतःच्या वजनाने घसरतो. नंतर किमान ७ दिवस ओलं गोणपाट.