मदत हवी आहे: ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला कोणता पिकअप घ्यावा? (नाशिक)

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

एका नातेवाइकाचा ट्रॅव्हल ट्रेलर बऱ्या किमतीत मिळतोय. एक एक्सल, दोन बंक, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी. रिकामा ९५० किलो, आणि प्लेटवर जास्तीत जास्त १३०० किलो लिहिलंय. त्याची स्वतःची आरसी आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न ओढणाऱ्या गाडीचा. घरातली हॅचबॅक या कामाची नाही.

आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी आणि आई. राहायला इंदिरानगरला. फिरणं म्हणजे भंडारदरा, वणीवरून सापुतारा आणि सुट्टीत कोकण. थोडक्यात, घाट चुकत नाही. समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसारा टळेल, पण कोकणात उतरायला कुठला तरी घाट लागणारच.

डोळ्यासमोर तीन गाड्या आहेत. बोलेरो कॅम्पर, कारण खिशाला परवडते आणि गल्लोगल्ली मेकॅनिक मिळतो. सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस, १.९ लिटर, १६३ पीएसवाली. आणि हायलक्स, २.८ लिटर. तिची किंमत ऐकून बायको हसली, तरी यादीत ठेवलीय.

ब्रिटनमध्ये डी-मॅक्स (व्ही-क्रॉसचं तिथलं नाव) आणि हायलक्सची ओढायची क्षमता ३५०० किलो सांगतात. शोरूममध्ये विचारलं तर "साहेब, आरामात ओढेल" एवढंच उत्तर. त्या आकड्यावर इथे भरवसा ठेवू का? आणि माझं लायसन्स साधं एलएमव्ही आहे, ते चालेल?

घाटकरी:
ओढणं सोडा हो, थांबणं बघा. १३०० किलो तिघींपैकी कुठलीही गाडी हलवेल. कॅम्परसुद्धा एक टन माल घेऊन रोज फिरते. पण तिचं इंजिन ७५ एचपीच्या आसपास, टॉर्क (ओढायचा जोर) २०० एनएम. माणसं, सामान आणि मागे ट्रेलर घेऊन चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडत जाल आणि मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत राहतील. व्ही-क्रॉसला ३६० एनएम आहे, हायलक्स मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५००. तुमच्या वजनाला व्ही-क्रॉस पुरेशी आहे. उरलेले पैसे ब्रेकवर घाला.

तो ३५०० चा आकडा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आहे, आणि तिथल्या गाडीच्या प्रमाणपत्राचा. इथे तुमच्या व्हेरियंटच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरबद्दल जे छापलंय तेवढंच खरं. छापलं नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा. सेल्समनचं "आरामात" अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. ट्रेलरला ब्रेक आहेत का? असतील तर कुठले? युरोपात ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचेच आहेत. आपल्याकडे बऱ्याच ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतात: गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. सपाटीला उत्तम. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत रेटत असतो, त्यामुळे ते घासत राहून तापतात. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर केबिनमधल्या कंट्रोलरवरून जोर कमी-जास्त करता येतो, आणि ट्रेलर डुलायला लागला तर फक्त त्याचेच ब्रेक हाताने दाबून तो सरळ करता येतो. जमलं तर हेच बसवा. काहीही असो, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका.

पिंपळगावचा_द्राक्षवाला:
भाऊ, लायसन्सची काळजी नको. एलएमव्हीवर ७५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. कॅम्परला पिवळी (व्यावसायिक गाडीची) प्लेट लागते, तरी नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने साध्या एलएमव्हीवर तीही चालवता येते. पण मालवाहू म्हणून फिटनेसचं लचांड मागे लागतं. ट्रेलर जोडल्यावरचं काय ते पेठ रोडला आरटीओत एकदा विचारून घ्या. हिच (गाडीमागे ट्रेलर अडकवायची जोडणी) बसवायच्या आधी विमावाल्यालाही विचारा.

घाटकरी:
एक राहिलं. टंग वेट. ट्रेलरच्या नाकाचं वजन हिचवर किती पडतं ते. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, म्हणजे तुमच्या १३०० ला १३० ते १९५ किलो. युरोपात याहून कमी ठेवतात. हिचवरची मर्यादा छापलेली असते. ती ओलांडायची नाही. नाक हलकं राहिलं, म्हणजे सामान मागच्या बाजूला जास्त भरलं, की ट्रक शेजारून गेला तरी ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी घाबरून गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं.

आणि हे नाकाचं वजन पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे ती जास्तीत जास्त पेलू शकते त्या वजनातून, वजा होतं. चार माणसं, हौद्यातलं सामान, वर हे. पिकअप आहे म्हणून कितीही भरा असं नसतं. दाराच्या चौकटीवरची प्लेट वाचा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ब्रेक ओव्हररनच आहेत, आत्ता नातेवाइकाला फोन करून विचारलं. कॅम्पर यादीतून गेली. पण टंग वेट मोजायचं कसं?

पिंपळगावचा_द्राक्षवाला:
वजनकाट्यावर. आधी गाडीपासून सोडवून अख्खा ट्रेलर काट्यावर घ्या, नाकाखालच्या चाकासकट. मग नाकाखालचं चाक काट्याबाहेर जमिनीवर आणि फक्त एक्सलची चाकं काट्यावर, पण ट्रेलर आडवा समपातळीत राहील असं बघा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे नाकाचं वजन. काटा पाच-दहा किलोने मागेपुढे दाखवतो, तेवढं धरून चाला. पाण्याची टाकी भरून एकदा आणि रिकामी करून एकदा मोजा; टाकी एक्सलच्या मागे असेल तर शंभर किलोने सगळं गणित फिरतं. दुपारी जा, सकाळी भाजीच्या गाड्यांची रांग असते.