पद्मिनीला रेसवालं इग्निशन पॅनल बसवतोय, फ्यूज उडतोय

पद्मिनी78:
मंडळी, घरी 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांची. इंजिन तेच 1089 सीसीचं, पॉइंटवालं (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा जुना यांत्रिक स्विच), फक्त डायनॅमो काढून बॅटरी चार्ज करायला आल्टरनेटर बाबांनीच मागे कधीतरी बसवून घेतलाय. इग्निशनचं बॅरल (चावी घालायचं कुलूप) इतकं झिजलंय की गाडी चालू असताना चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन चालूच, आणि स्टार्ट मारायला मात्र चारदा फिरवावी लागते. म्हणून ऑनलाइन ते रेसवालं पॅनल मागवलं, लाल झाकणाचा टॉगल (खटक्याचा स्विच), मधे स्टार्टचं बटण, बाजूला तीन टॉगल जास्तीचे. सोबत कागद-बिगद काही नाही. टॉगलला मागे तीन पिना. एका टोकाला बॅटरीचा प्लस दिला, दुसऱ्या टोकाला कॉइलकडे (प्लगच्या ठिणगीला व्होल्टेज देते ती) जाणारी वायर, मधल्या पिनेला बॉडीची अर्थ, टॉगल टाकला की फट्, फ्यूज गेला. दुसरा टाकला, तोही गेला. पीसच खराब आलाय का? आणि आता ती जुनी चावी काढून टाकू ना?

वायरवाला:
पीस बरोबर आहे भाऊ, जोडणी उलटी झालीये. मधली पिन लोडची (जिथून पुढे कॉइलकडे वीज जाते ती) असते बहुतेक, तिलाच तू अर्थ दिलीस म्हणजे टॉगल टाकला की प्लस थेट बॉडीला, फ्यूजने त्याचं काम केलं. टोकाची जी पितळी रंगाची पिन आहे ती अर्थची, आणि ती फक्त आतल्या दिव्यासाठी. रंगावर पण विश्वास ठेवू नकोस, सगळ्या वायरी काढ, मल्टिमीटर बीपवर लाव, टॉगल टाकल्यावर ज्या दोन पिनांत बीप येईल त्या प्लस आणि लोड, उरली ती अर्थ.
आणि नुसती कॉइल जोडून भागणार नाही, जुन्या स्विचवरून इग्निशनची जी वायर निघते ती अख्खी घे, मीटर आणि चार्जिंगचा दिवा पण त्याच्यावरच असतो. दिवा राहिला तर काही आल्टरनेटर चार्जच करत नाहीत, मग लोक आल्टरनेटर बदलत बसतात.
स्टार्टचं बटण सोलेनॉइडला (स्टार्टर मोटर चालू करणारा विजेचा स्विच) डायरेक्ट देऊ नकोस, आतले कॉन्टॅक्ट जळतात. साधा चार पिनी रिले घे (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), पिनांवर नंबर असतात. 30 ला बॅटरी फ्यूजमधून, 87 सोलेनॉइडला, 86 ला बटण, 85 अर्थ. 30 आणि 87 ला अडीच स्क्वेअरची वायर टाक, बटणाला बारीक चालते. बटणाचा प्लस टॉगलच्या पुढून घे म्हणजे टॉगल बंद असताना पोराने बटण दाबलं तरी गाडी गिअरमधे उडी मारणार नाही. पुण्यात असशील तर पासोड्या विठोबाजवळ सगळं मिळतं.

जुनी_फियाट:
वायरवाल्या दादांचं वायरिंगचं पटलं, पण चावी काढायची नाही!! टॉगल म्हणजे कुलूप नव्हे, झाकण उघडून कोणीही गाडी घेऊन जाईल. बॅरल नवीन घाल आणि चावी टॉगलच्या आधी सिरीजमधे (एकापाठोपाठ) ठेव. दुसरं म्हणजे चावी काढायची सवय असते म्हणून इग्निशन बंद होतं, टॉगल माणूस विसरतो. इंजिन बंद, इग्निशन चालू आणि पॉइंट नेमके मिटलेले, 3 ओहमची कॉइल म्हणजे 4 अँपिअर सतत. कॉइल चुलीवर ठेवल्यासारखी तापते. माझी एकदा अशीच गेली, देवळात आरतीला तासभर रांगेत होतो.
आणि हात जोडून सांगतो, डॅशबोर्डला भोक पाडू नकोस. 2028 ला गाडीला 50 वर्षं होतील, तेव्हा व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर (50 वर्षं झालेल्या गाड्यांचा खास नंबर) घ्यावासा वाटला तर गाडी मूळ रूपात लागते. खाली पत्र्याची पट्टी वाकवून लटकव, दोन स्क्रूत निघेल असं.

शोलावरम_फॅन:
व्हिंटेज नंबर घेतला तर गाडी रोज फिरवता येत नाही हे पण सांगा त्याला, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि रिपेअर एवढंच.
बाकी रेसच्या गाडीत खरी महत्त्वाची वस्तू वेगळीच, बाहेरून मार्शलला (ट्रॅकवरचा सुरक्षेचा माणूस) फिरवता येणारा कट-ऑफ, म्हणजे गाडीची वीज तोडणारा स्विच, निळ्या त्रिकोणात लाल वीज काढलेला. तो लावायचा असेल तर साधा बॅटरी स्विच घेऊ नकोस, आल्टरनेटर फिरत असतो तोवर कॉइलला तिकडून करंट मिळतो आणि इंजिन बंदच होत नाही. सहा पिनींचा मिळतो, तो कॉइलही तोडतो आणि आल्टरनेटरचा करंट रेझिस्टरमधून अर्थला सोडतो.

पद्मिनी78:
मधलीच लोडची निघाली 🙏 फ्यूज टिकला. रिले लावला, पट्टी खाली लटकवली, एकदम पहिल्या बटणात स्टार्ट. नवीन बॅरल पण घातलं, चावी आधी मग टॉगल. बाबा मात्र दोनदा चावी फिरवून "बॅटरी उतरली रे" म्हणून मला हाका मारत बसले. त्या तीन जास्तीच्या टॉगलवर काय लावू? हॉर्न सोडून सांगा.

वायरवाला:
एकावर पंखा. बाबांना उकडतं.