दालचिनी-जायफळाचे बेक्ड डोनट : कोरडे होतात, भोक बुजतं, वरची साखर ओली होते. मदत हवी आहे

केशरकाडी :
सहा खाचांच्या डोनट साच्यात मसाल्याचे डोनट बेक करते आहे. तळायचे नाहीत. तीनदा केले आणि तिन्ही वेळा त्याच अडचणी आल्या. प्रमाण असं :

मैदा १ कप (डब्यात कप बुडवून भरलेला), साखर अर्धा कप, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, अंडं १, दूध अर्धा कप, तेल २ टेबलस्पून, दालचिनी पूड २ टीस्पून, लवंग पूड पाव टीस्पून.

सगळं एकत्र करून हँड मिक्सरने गुळगुळीत होईपर्यंत फेटते, साचा काठोकाठ भरते आणि २०० अंश सेल्सियसवर १५ मिनिटं ठेवते. डोनट बाहेरून चामट होतात, आतून कोरडे. कापले की उभी लांबट भोकं दिसतात. मधलं भोक बुजून जातं. मसाल्याचा वास फारसा येत नाही, पण जिभेवर कडवटपणा राहतो, थोडी साबणासारखी चव लागते. दालचिनी-साखर नीट चिकटत नाही आणि जी चिकटते ती संध्याकाळपर्यंत ओली होते.

नेमकं काय चुकतंय? आणि यीस्टचे डोनट बेक करता येतात का?

मोजमाप :
आधी मैदा. डब्यात कप बुडवून भरला की त्यात १४५ ते १५० ग्रॅम मैदा मावतो. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केला तर १२० ते १२५. म्हणजे तुमच्या मिश्रणात मैदा जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त पडतोय. एवढ्या छोट्या प्रमाणात तो लगेच जाणवतो. वजनकाटा वापरा, निम्मी अडचण तिथेच सुटेल.

साबणासारखी चव सोड्याची. सोड्याला आंबट काहीतरी लागतं आणि तुमच्या यादीत आंबट काहीच नाही. अर्धा टीस्पून सोड्याला साधारण कपभर दही किंवा घट्ट ताक हवं. आंबट नसेल तर तो पूर्ण वापरला जात नाही, चव बिघडते आणि रंगही गरजेपेक्षा गडद येतो. हा गडद रंग बघून पुष्कळ जण भाजणं झालं असं समजतात किंवा दोष ओव्हनला देतात.

उभी भोकं आणि चामटपणा फेटण्यामुळे. ओल्या मैद्याला जितकं घोळाल तितकं त्यातलं ग्लुटेन (चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं. हँड मिक्सर बाजूला ठेवा. कोरडं वेगळं चाळा, ओलं वेगळं फेटा, मग दोन्ही एकत्र करून स्पॅट्युलाने १२ ते १५ वेळाच उलटसुलट करा. मैद्याचे कोरडे पट्टे दिसेनासे झाले की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील, त्या ओव्हनमध्ये विरतात.

या प्रमाणात करून बघा, सहा ते आठ होतील :

मैदा १२५ ग्रॅम
ब्राऊन शुगर ७५ ग्रॅम (साधी साखर चालेल, पण ओलावा थोडा कमी टिकतो)
बेकिंग पावडर १ टीस्पून
सोडा पाव टीस्पूनच्या निम्मा
मीठ पाव टीस्पून
अंडं १
घट्ट दही ६० ग्रॅम
दूध ५० मिली
वितळवलेलं लोणी ३० ग्रॅम आणि तेल १ टेबलस्पून

अंडं, दही, दूध तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. गार दह्यात वितळलेलं लोणी पडलं की त्याचे कण गोठतात, मग डोनट कुठे तेलकट तर कुठे कोरडा लागतो. लोण्यासोबत तेल मुद्दाम घेतलंय. लोणी गार झाल्यावर घट्ट होतं, तेल होत नाही, त्यामुळे डोनट थंड झाल्यावरही मऊ लागतो.

मिश्रण चमच्यातून रुंद पट्टीसारखं सावकाश पडायला हवं. पाण्यासारखं धावत असेल तर पातळ झालंय, गोळ्याने पडत असेल तर दूध एकेक टीस्पून वाढवा.

भरताना पायपिंग बॅग किंवा कोपरा कापलेली जाड पिशवी घ्या. चमच्याने भरलं की मधल्या खुंटावर मिश्रण सांडतं आणि भोक बुजायला तिथूनच सुरुवात होते. खाच दोन-तृतीयांश भरायची, त्याहून जास्त नाही. खुंटालाही लोणी लावा आणि भरून झालं की त्याचा माथा बोटाने पुसून घ्या. मिश्रण उरलं तर दुसरी खेप लावा, त्याच खाचांत दडपू नका.

ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. पंख्याचा असेल तर १६०-१६५. साचा काळा असेल तरी १० अंश कमी ठेवा. नवव्या मिनिटाला बघा, दहा ते बारामध्ये होतात. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा लगेच भरून आला की झाले. थर्मामीटर असेल तर आत ९४ ते ९६ अंश. डोनट म्हणजे कडं असलेला छोटासा केक, त्याला आतून-बाहेरून दोन्हीकडून आच लागते. म्हणून तुमच्या २०० अंश आणि १५ मिनिटांत तो वाळणारच. दोन मिनिटं इकडची तिकडे झाली तरी फरक पडतो.

काढल्यावर ३-४ मिनिटं साच्यातच राहू द्या, मग जाळीवर उलटे करा. जास्त वेळ साच्यात राहिले तर वाफेने बूड ओलं होतं.

जायफळवेडी :
मोजमाप यांच्या उत्तरात मसाला राहिलाय. १२५ ग्रॅम मैद्याला दोन टीस्पून दालचिनी खूप झाली. दालचिनीची पूड ओली झाली की बुळबुळीत होऊन पाणी धरते, त्याने मिश्रणही घट्ट होतं. आणि पाव टीस्पून लवंग या प्रमाणात कडवटपणाच देणार. लवंग चिमटीभरच.

माझ्या मते डोनटची ओळखीची चव दालचिनीपेक्षा जायफळाची असते. असं घ्या : दालचिनी १ टीस्पून, ताजं किसलेलं जायफळ पाव टीस्पून भरून, सुंठ पाव टीस्पून, वेलची पाव टीस्पून, लवंग चिमटीभर. जायफळ आयत्या वेळी बारीक किसणीवर किसा. किसून ठेवलेल्या जायफळाचा वास भराभर उडतो.

वास न येण्याचं दुसरं कारण म्हणजे मसाला थेट मैद्यात घालणं. या मसाल्यांची सुगंधी द्रव्यं स्निग्धांशात जास्त उतरतात. लोणी वितळलं की गॅस बंद करा, मसाले त्या कोमट लोण्यात घाला आणि दहा मिनिटं तसेच राहू द्या. भांड्यावर तोंड नेलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला वास बदललेला कळतो, कोरड्या पुडीचा उग्रपणा जाऊन गोडसर होतो. लोणी उकळत असताना मात्र घालू नका, दालचिनी तळाला लागून करपते आणि पुन्हा तोच कडवटपणा.

तूपसाखर :
वरच्या साखरेबद्दल. लोण्यात साधारण १६ ते १८ टक्के पाणी असतं, ते साखर विरघळवतं. त्याऐवजी वितळवलेलं तूप लावा. तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे साखर कोरडी आणि खसखशीत राहते.

डोनट हाताला सोसतील इतके कोमट असताना एकेकाला ब्रशने तुपाचा पातळ थर द्या, सगळीकडून, भोकाच्या आतही, आणि लगेच साखरेत घोळवा. डोनट गरम असेल तर आतली वाफ साखर ओली करते, पूर्ण गार झाला तर तूप थिजतं आणि साखर झडते. १०० ग्रॅम बारीक दाण्याच्या साखरेला २ टीस्पून दालचिनी आणि चिमूटभर मीठ पुरतं. पिठीसाखर नको, ती ओलावा ओढून घेते.

घोळवल्यावर बंद डब्यात भरू नका. जाळीवर उघडे ठेवा, वरून सुती कापड.

मोजमाप :
तुपाचं पटलं. फक्त चवीसाठी एक सुचवतो : लोणीच मंद आचेवर ठेवून पाणी उडवा आणि तळाचा साका तांबूस झाला की उतरवा. पाणीही जातं आणि खमंग वास मिळतो. तळलेल्या डोनटच्या पापुद्र्यात तेलाचा जो खमंगपणा असतो तो बेक्ड डोनटला वरून द्यावा लागतो, आणि त्याला हे लोणी सगळ्यात जवळचं आहे.

फुगलेलंपीठ :
यीस्टचे बेक करता येतात. तळलेल्यापेक्षा ब्रेडकडे थोडे झुकतात, पण मऊ होतात. मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध १२० मिली, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, अंडं १, मीठ ४ ग्रॅम, मऊ लोणी ४० ग्रॅम. लोणी सगळ्यात शेवटी, थोडंथोडं. १० ते १२ मिनिटं मळा. पीठ हाताला किंचित चिकटायला हवं. त्या चिकटपणाला घाबरून वरून मैदा भुरभुरवत राहिलं की डोनट दगड होतात.

दालचिनी पिठात घालू नका, फार तर चिमूटभर. ती यीस्टला मंदावते आणि पीठ फुगायला ताटकळतं. जायफळ, वेलची आत, दालचिनी सगळी वर.

दुप्पट होऊ द्या, तासभर तरी लागतो. मग १२ मिलिमीटर जाड लाटा, साडेसात सेंटिमीटरचे गोल कापा. मधलं भोक ३ सेंटिमीटरचं ठेवा, लहान ठेवलं तर फुगताना मिटतं. ट्रेवर पुन्हा ३०-४० मिनिटं. बोटाचा ठसा हळूहळू अर्धा भरून आला की तयार. लगेच उसळला तर अजून थांबा, अजिबात भरला नाही तर वेळ टळून गेलीय. १९० अंशांवर ८ ते १० मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी. सोनेरीच्या पुढे गेलात तर कवच कडक होतं. काढल्याबरोबर तूप लावा.

केशरकाडी :
सगळ्यांचे मनापासून आभार. वजन करून, मसाले लोण्यात घालून, १८० वर दहा मिनिटं केले. भोक मोकळं राहिलं, आत मऊ आहेत, साबणाची चव गेली. वास घरभर. एकच प्रश्न उरला : आदल्या रात्री करून ठेवायचे असतील तर?

तूपसाखर :
साखर न लावता ठेवा. पूर्ण गार झाले की एकेरी थरात हवाबंद डब्यात, ओट्यावरच. फ्रिजमध्ये नको, तिथे स्टार्च लवकर घट्ट होऊन डोनट शिळे लागतात. दोन दिवसांहून जास्त ठेवायचे असतील तर सरळ फ्रीझर. सकाळी १५० अंशांवर ४-५ मिनिटं, फ्रीझरमधले असतील तर आधी तासभर बाहेर. कोमट झाले की तूप आणि साखर तेव्हाच.