इंग्रजी उताऱ्यांचा सराव कशावरून करावा? छोटे, सामान्यज्ञानाचे उतारे हवेत (कोल्हापूर)

भुदरगडकर
नमस्कार मंडळी. गाव भुदरगड तालुक्यातलं, सध्या राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतो आणि बँकेच्या क्लार्क परीक्षेचा अभ्यास करतो. शिक्षण बी.एस्सी., पण दहावीपर्यंत सगळं मराठी माध्यमातून. गणित, बुद्धिमत्ता जमतंय. गाडी अडते ती इंग्रजी उताऱ्यापाशी. प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं. उतारा समोर आला की चौथ्या ओळीपर्यंत पहिली ओळ विसरलेली असते. मग परत वरून सुरू.

एका क्लासमध्ये ६०० शब्दांची यादी दिली होती, ती पाठ केली. आता शब्द ओळखीचे वाटतात, वाक्य परकंच राहतं.

मला दीडशे-दोनशे शब्दांचे उतारे हवेत. विषय सामान्यज्ञानाचे असले तर एका दगडात दोन पक्षी. फुकट मिळत असेल तर फारच बरं, मेसचे पैसे भरून झाल्यावर फार उरत नाही.

अनामिका_पुणे
रोज एका इंग्रजी दैनिकाचं संपादकीय वाच. सहा महिन्यांत फरक पडतो, माझा पडला.

भुदरगडकर
चार महिने केलं ताई. पेन्सिलीनं शब्दांखाली रेघा मारून मारून पेपर काळा व्हायचा. शेवटी लेखकाचं म्हणणं काय होतं विचारलं तर सांगता यायचं नाही.

कटिंगचहा
दादा, संपादकीय आत्ता बाजूला ठेव. मी तीन वर्षं बँकेत आहे, मीही मराठी माध्यमाचाच. संपादकीयात भाषा अवघड असते, वर विषयाचं मागचंपुढचं ठाऊक नसतं. दोन्हीकडून मार बसतो.

मी वापरलेलं सांगतो.

विकिपीडियाची सिंपल इंग्लिश नावाची वेगळी आवृत्ती आहे. वाक्यं लहान, शब्द सोपे. ऑक्टोपस, मृत समुद्र, शुक्र असं काहीही शोध आणि सुरुवातीचे दोन परिच्छेद वाच. काही लेख अगदीच कसेतरी लिहिलेले असतात, ते सोडून दे.

ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश संकेतस्थळावर वाचनाचे पाठ ए१ पासून सी१ पर्यंत पायरीपायरीनं लावलेत आणि प्रत्येकाखाली प्रश्न आहेत. बी१ पासून सुरू कर. लाज वाटली तर ए२ पासून, कोण बघतंय?

बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सिक्स मिनिट इंग्लिश कार्यक्रम ऐकायचा असतो, पण त्याची संहिताही मिळते. सुरुवातीला एक सामान्यज्ञानाचा प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात. त्या उत्तरासाठी तरी माणूस शेवटपर्यंत जातो. मी केएमटीच्या सिटी बसमध्ये उभ्यानं वाचायचो.

भुदरगडकर
धन्यवाद! फक्त दादा नव्हे, ताई. आमच्याकडं मुलीही येतो-जातोच म्हणतात, विसरलात काय?

कटिंगचहा
आयला, सॉरी ताई. पुण्यात राहून कान बिघडले माझे.

तांबडापांढरा
😂 कोल्हापूरचा असून फसला की ओ हा गडी.

निवृत्त_मास्तर
ताईंचा प्रश्न वाचला. तीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवले, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही लिहिलेत की विषय सामान्यज्ञानाचा असला तर दोन्ही अभ्यास एकदम होतील. त्यात फायदाही आहे आणि खड्डाही आहे.

आधी फायदा. तुम्ही मराठी माध्यमाच्या, म्हणजे बाष्पीभवन, क्षारता, अक्षांश हे सगळे तुम्हाला कळते. इव्हॅपोरेशन, सॅलिनिटी, लॅटिट्यूड म्हटले की परके वाटते, पण वस्तू तीच. घर ओळखीचे, नुसती दारावरची पाटी बदललेली. म्हणून सुरुवात बालभारतीच्या पुस्तकांवरून करा. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तके फुकट उतरवून घेता येतात. एकाच पुस्तकाची मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांची प्रत घ्या. सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा काढा. आधी इंग्रजीतून एकच पान वाचा, शब्दकोशाला हात लावू नका. काय कळले ते मराठीत दोन ओळींत लिहा. मग मराठी प्रत उघडून ताडून पाहा. गाईड नको, क्लास नको, उत्तरपत्रिका तुमच्या हातातच आहे.

त्याच धड्यात एक गंमत भेटेल. स्प्रिंग टाइड वाचले की विद्यार्थी हमखास वसंत ऋतू लिहितात. त्याचा ऋतूशी संबंध नाही. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र येते, तेव्हाची ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला येते ती नीप टाइड, आपली भांगाची. पाठ केलेल्या शब्दाचा अर्थ वाक्यात गेल्यावर कसा पालटतो, ते एकदा असे दिसले की यादीवरचा विश्वास आपोआप उडतो.

आता खड्डा. सामान्यज्ञानाच्या उताऱ्यावर आपण डोक्यातले उत्तर देतो, उताऱ्यातले नाही. वर्गात मी उंटावर एक उतारा द्यायचो. मदारीत चरबी साठते, पाणी नव्हे, असे तिसऱ्या ओळीत स्वच्छ इंग्रजीत लिहिलेले. खाली प्रश्न, मदारीत काय साठते? निम्मा वर्ग लिहायचा, वॉटर. इंग्रजी येत नव्हते म्हणून नाही. उत्तर आधीच ठाऊक आहे असे वाटले, म्हणून कोणी वाचलेच नाही.

आपल्या चपलेचेच घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ अशा ८ जिल्ह्यांना मिळून. उताऱ्यात हे लिहिलेले असताना प्रश्न विचारा, हे मानांकन फक्त कोल्हापूर जिल्ह्याला आहे, चूक की बरोबर? कोल्हापूरचा मुलगा छाती पुढे काढून बरोबर लिहितो आणि गुण घालवतो. तुमच्या परीक्षेत तर चुकीला पाव गुण आणखी कापतात.

यावर माझा एकच उपाय होता. उत्तर लिहिले की त्यासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ओळीवर बोट ठेवता येत नसेल तर उत्तर बरोबर असले तरी मी गुण देत नसे. पोरे शिव्या देत असतील, पण त्यांना सवय लागली.

तांबडापांढरा
मास्तर, मी तुमच्याच शाळेत असणार. मला एकदा असाच भोपळा मिळालाय 🙏

भुदरगडकर
सर, हे माझंच वर्णन आहे. मागच्या टेस्टमध्ये शुक्रावर उतारा होता. शुक्राला सूर्याभोवती फिरायला किती दिवस लागतात, असा प्रश्न. मी २४३ ठोकलं, कारण तो आकडा आधी दिसला. तो स्वतःभोवतीच्या एका फेरीचा होता. सूर्याभोवतीचे २२५ पुढच्याच ओळीत होते. शिवाय वर्षापेक्षा दिवस मोठा कसा असेल, असं वाटून मी ती ओळ धड वाचलीच नाही.

कटिंगचहा
ताई, ही चूक नुसत्या घाईनं होत नाही. पर्याय काढणारे मुद्दाम उताऱ्यातलेच दोन आकडे पर्यायांत टाकतात. उताऱ्यात दिसलेला शब्द जसाच्या तसा पर्यायात दिसला की आधी संशय घ्यायचा. बरोबर पर्याय बहुतेक वेळा शब्द बदलून येतो.

दुसरी गोष्ट बारक्या शब्दांची. ओन्ली, ऑल, ऑल्वेज पर्यायात दिसले की परत उताऱ्याकडं जा. उताऱ्यात वन ऑफ द लार्जेस्ट असतं आणि पर्यायात नुसतंच द लार्जेस्ट. मे चं मस्ट करून ठेवतात. आणि फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू म्हणजे थोडे आहेत. एवढ्याशा अ वर माझा एकदा गुण गेलाय, अजून दुखतो.

६०० शब्दांच्या यादीपेक्षा हाउएव्हर, ऑल्दो, अनलेस, व्हेअरॅज, हार्डली असले वीस-पंचवीस शब्द वाक्यात कसे वळण घेतात ते बघ. ऑल्दो आलं की ओळखायचं, लेखकाचा खरा मुद्दा स्वल्पविरामाच्या दुसऱ्या बाजूला आहे.

अनामिका_पुणे
मी संपादकीयाचं म्हणणं सोडत नाहीये हं. मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, उतारे अर्थकारणाचे, बँकिंगचे येतात, तिथे उंट आणि ऑक्टोपस कामाला येणार नाहीत. कधी ना कधी अवघड गद्याला भिडावंच लागेल.

निवृत्त_मास्तर
मान्य. भिडावे लागेलच, फक्त पहिल्या महिन्यात नको. मधली पायरी म्हणून पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे पीआयबीची प्रसिद्धिपत्रके वाचा. पुष्कळशी इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतात. इंग्रजी सरकारी, लांबलचक, कर्मणी प्रयोगाने भरलेले. गोड लागणार नाही. पण एका लांब वाक्यात कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे हे शोधायचा व्यायाम तिथे होतो. संपादकीय त्यानंतर.

गडहिंग्लजची_आई
मध्येच विचारते. माझा मुलगा आठवीत आहे, मराठी माध्यम. त्याला हेच चालेल का? शब्द अडला की मोबाइलवर लगेच भाषांतर करून बघतो.

निवृत्त_मास्तर
चालेल ताई. त्याला पाचवी-सहावीच्या इंग्रजी माध्यमाच्या विज्ञानावरून सुरू करू द्या. मोबाइल पहिल्या वाचनात दुसऱ्या खोलीत. अडलेल्या शब्दाखाली टिंब द्यायचे आणि पुढे जायचे. वाचन संपल्यावर ज्याच्यावाचून अर्थच लागत नाही तेवढेच शब्द शोधायचे. दहा टिंबांतली सहा-सात तरी पुढच्या ओळींतच सुटतात.

तांबडापांढरा
मला इंग्रजी शिकवायला येत नाही, पण एक आयडिया देतो. आम्ही चौघं रंकाळ्यावर संध्याकाळी बसायचो. प्रत्येकानं आठवड्याला एक उतारा शोधायचा, त्यावर पाच प्रश्न काढायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. प्रश्न काढायला लागलं की पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात शिरता येतंय.

माझा उतारा मिरचीवर होता, आणखी कशावर असणार! मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली. तिखटपणा कॅप्सेसिनमुळं, तो मोजायची पट्टी स्कोव्हिलनं १९१२ मध्ये काढली. पक्ष्यांना ते तिखट जाणवत नाही, म्हणून ते मिरच्या खातात आणि बिया लांबवर पडतात. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. एवढ्यावर प्रश्न काढला, तांबडा रस्सा खाऊन भाजलेल्या पाहुण्याला लेखक काय देईल, पाणी की दूध? रस्सा, पाहुणा, दूध यातलं काहीच उताऱ्यात नाही. तरी उत्तर उताऱ्यातच आहे. इन्फरन्सचा प्रश्न म्हणतात तो ह्योच, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी इन्फरन्स म्हणजे अंदाजपंचे समजत होतो.

भुदरगडकर
लै भारी! पण माझ्यासोबत अभ्यासाला कुणी नाही. रूममेट नर्सिंगची, तिला नाइट असते.

तांबडापांढरा
मग इथंच टाका की. आम्ही रिकामेच आहोत.

कटिंगचहा
बसायला शांत जागा हवी असेल तर करवीर नगर वाचन मंदिराची चौकशी कर. १८५० सालची संस्था आहे. आणि वेळ आत्ताच लावू नको. पहिले पंधरा दिवस घड्याळ न बघता, ओळ क्रमांकासकट. मग एका उताऱ्याला सात-आठ मिनिटं. आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर लोक भांडतात. मी प्रश्नांवरून नुसती नजर फिरवतो, पर्याय वाचत नाही. तुला काय जुळतं ते बघ.

भुदरगडकर
*(सोळा दिवसांनी)*
धागा वर काढतो. रोज दोन उतारे करतोय, एक बालभारतीचा, एक लर्नइंग्लिशचा. भरती-ओहोटी, वारे, हवेचा दाब झालं. पहिल्या आठवड्यात पाचातले दोनच प्रश्न ओळ क्रमांकासकट बरोबर यायचे. आता साडेतीन म्हणूया, कारण एक बरोबर येतो पण ओळ चुकते. वेग अजून नाही. दहा-अकरा मिनिटं लागतात. पण चौथ्या ओळीवर पहिली विसरत नाही, हे नक्की.

तांबडापांढरा म्हणाले म्हणून स्वतः एक उतारा लिहिला, राधानगरी धरणावर. इंग्रजी उताऱ्याचा फोटो खाली जोडलाय, ओळींना क्रमांक दिलेत. पहिला प्रश्न इथं मराठीत टाकतो. उताऱ्यानुसार, राधानगरी धरण शाहू महाराजांच्या हयातीत बांधून पूर्ण झालं. चूक की बरोबर?

तांबडापांढरा
हा काय प्रश्न झाला? बरोबर! शाळेतली पोरं पण सांगतील, शाहू महाराजांनी बांधलं.

भुदरगडकर
ओळ क्रमांक?

तांबडापांढरा
थांबा, फोटो उघडतो.

तांबडापांढरा
चूक. ओळ दुसरी आणि चौथी. काम त्यांच्या काळात सुरू झालं, ते १९२२ ला गेले, आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. मास्तर, हसू नका.

निवृत्त_मास्तर
हसत नाही. ताई, दुसरा प्रश्न टाका.